तांडेलचा उजवा हात

त्या शुक्रवारी बेसबॉलच्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये तांडेलनं चेंडू मारला आणि बॅट हातात ठेवून तो धावला. बॅट एका माणसाच्या गुडघ्यावर बसली आणि गुडघा फुटला. त्या माणसाच्या सोबत्यांनी तांडेलचा उजवा हात फोडला. मंगळवारी कंपनीनं त्याला विमानात बसवून देशी पाठवलं. हे घडलं तेव्हा मी दहा पावलांवर बसून स्कोअर लिहीत होतो.

तांडेल मारायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याच्याबद्दल गोड बोलायला बसलो तर पहिला तोच माझ्या कानाखाली वाजवील. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी त्याच्या टोळीतले तीस खलाशी रांगेत उभे राहायचे आणि तो प्रत्येकाच्या मानेवर एकेक चापट मारत पुढे जायचा. "जागो आसंस मां?" एवढंच विचारायचा. नवीन माणसाला राग यायचा. जुने हसायचे, कारण त्यांना त्यामागचं कारण माहीत होतं. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात क्रेनचा तारदोर तुटला होता. तुटलेलं टोक चाबकासारखं फिरलं आणि देवगडच्या एका पोराचा पाय मांडीतून गेला. त्या क्षणी तो पोरगा वर विमान बघत होता. रात्रीपर्यंत तो वारला. दुसऱ्या दिवसापासून चापट सुरू झाली. कुणी कुरकुरलं तर तांडेल म्हणायचा, "मेल्या, मी मारलंय तर दुखतला. त्या तारदोरान मारल्यान तर दुखूचा पण नाय."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहारीनमध्ये जिकडे बघावं तिकडे खोदकाम चाललं होतं. आमची कंपनी जहाजांच्या दुरुस्तीची गोदी बांधत होती आणि आमचा कॅम्प तुबलीला, गॅरेजांच्या मागे होता. मी वाईचा. बी.ए. होऊन टाइमकीपर म्हणून आलो होतो. खाटेखाली पुस्तकांची पेटी होती म्हणून तांडेल मला मास्तर म्हणायचा. तो मालवणचा, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. गावी मचव्यावर तांडेल होता, म्हणजे बोटीवरच्या माणसांचा मुख्य. इथं येऊन जड सामान चढवणाऱ्या टोळीचा मुख्य झाला, पण नाव तेच राहिलं. हजेरीपटावर त्याचं दुसरं नाव होतं. ते मी रोज लिहायचो आणि ते कुणाचं, हे मला दरवेळी क्षणभर आठवावं लागायचं.

माझी त्याची ओळख झाली तीही मारामारीतच. एका क्रेनवाल्यानं जेवणाच्या रांगेत माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, चार पानं फाडली आणि त्या पानांनी ताटातलं तेल पुसलं. मी बोलणारा नव्हतो. तांडेल रांगेतून बाहेर आला, त्यानं क्रेनवाल्याची मान धरली आणि त्याचं डोकं पाण्याच्या पिंपात बुडवलं. वर काढलं, विचारलं, "काय म्हणतंस मास्तराक?" त्याला उत्तर देता येईना म्हणून पुन्हा बुडवलं. तिसऱ्या वेळी तो "सॉरी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तांडेलनं आपल्या ताटातली तळलेली मासळी त्याच क्रेनवाल्याच्या ताटात ठेवली आणि त्याच्या शेजारी बसून जेवला. मला म्हणाला, "मारलेल्या माणसाबरोबर जेवूक व्हया. नायतर तो मार कुजता."

त्याचा उजवा हात मी कितीदा तरी बघत बसलो आहे. बोटीवरून धक्क्यावर दोर फेकायचा, तर दोराच्या टोकाला शिसं घातलेली गाठ असते. ती गाठ तांडेल पंधरा वावांवरच्या, म्हणजे नव्वद फुटांवरच्या, खांबाला नेमकी मारायचा. वाऱ्याचा अंदाज घ्यायला तो ओठ चाटायचा, खांदा मागे न्यायचा, आणि दोर सुटला की आपण बघेपर्यंत पलीकडे पोहोचलेला असायचा. एकदा आमच्या सुपरिंटेंडंटनं हे पाहिलं. तो अमेरिकन होता, टेक्सासचा, उन्हानं कायम लाल झालेला. टोळी त्याला पाठीमागे लाल्या म्हणायची. त्यानं खिशातून एक पांढरा चेंडू काढला आणि तांडेलच्या हातात ठेवला.

अशा रीतीनं तांडेल बेसबॉल खेळायला लागला. तेव्हा तिथं चार ठेकेदार कंपन्यांचे संघ होते. खेळ म्हणायला हौसेचा, पण प्रत्येक कंपनीनं अमेरिकेहून दोन-दोन पगारी खेळाडू आणलेले. त्यांच्या व्हिसावर सेफ्टी इन्स्पेक्टर लिहिलेलं असायचं आणि ते शुक्रवारखेरीज कुठं दिसत नसत. रिफाच्या रस्त्याला वाळूवर जळकं तेल फवारून, रोलर फिरवून मैदान केलं होतं. त्यावर पडलं की माणूस काळा होऊन उठायचा. इंग्रजी अक्षर बरं म्हणून स्कोअर लिहायला मला बसवलं. खेळ समजायला कठीण नाही. चार बेस, म्हणजे चार तळ. चेंडू मारायचा, पहिल्या तळाकडे धावायचं, चेंडू तिथं पोहोचायच्या आत पोहोचायचं, आणि पुढं एकेक तळ करत घरी, म्हणजे जिथून चेंडू मारतात त्या चौथ्या तळावर, परत यायचं, की एक गुण. तिघे बाद झाले की पाळी संपली. अशा नऊ पाळ्या, म्हणजे नऊ इनिंग.

तांडेलला लाल्यानं अगदी लांब, कुंपणाशी उभं केलं. चेंडू तिकडे गेला आणि धावणारा घराकडे निघाला की तांडेल ओठ चाटायचा. चेंडू आमच्या डोक्यांवरून सूं करत जायचा आणि धावणारा चार पावलं लांब असतानाच बाद व्हायचा. एकदा धावणारा मध्ये आला. चेंडू कानावर बसला, रक्त आलं, तो तिथंच आडवा झाला. तांडेल कुंपणापासून धावत आला. मला वाटलं माफी मागेल. त्यानं त्या माणसाला उचलून बसवलं, रुमालानं कान दाबून धरला आणि मालवणीतून त्याला झापलं, "मधी कित्याक इलंस? चेंडू दिसणा नाय तुका?" त्या अमेरिकनाला ती माफीच वाटली असावी. तो म्हणाला, "ओके, ओके."

फलंदाजीत मात्र एक खोड होती, आणि ती आमच्याकडच्याच माणसाची खोड होती. तांडेल लहानपणापासून समुद्राच्या पुळणीवर क्रिकेट खेळलेला. क्रिकेटमध्ये बॅट हातात घेऊन धावतात आणि ती पुढं टेकवून घर गाठतात. बेसबॉलमध्ये चेंडू मारताक्षणी बॅट टाकून द्यायची. हे त्याला पटतच नव्हतं. "बॅट टाकून पळतलो तो कसलो गडी? हत्यार टाकून कोण पळता काय?" लाल्यानं शिव्या दिल्या, मग समजावलं, मग पुन्हा शिव्या दिल्या. तांडेलला कळायचं, पण चेंडू लागला की कळलेलं हाताला आठवायचं नाही. शेवटी त्यानंच तोड काढली. स्कोअरचं टेबल पहिल्या तळाच्या रेषेशी होतं. मला म्हणाला, "मास्तर, चेंडू लागल्यार तू नुसतो 'टाक' म्हणान बोंब मार. तुझो आवाज माका आयकाक येतलो." त्या दिवसापासून तो चेंडू मारायचा, मी "टाक!" म्हणून ओरडायचो आणि बॅट पडायची. मी उभ्या आयुष्यात एवढ्या मोठ्यानं दुसरीकडे कुठं ओरडलो नाही. लोक हसायचे. एकदाही चूक झाली नाही.

आता त्याच्या मुलींबद्दल सांगायला हवं. थोरली शालन. तिचं लग्न झालं तेव्हा तांडेलला रजा मिळाली नव्हती. चुलत्यानं कन्यादान केलं. वर्षाच्या आत ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं त्या लोकांनी सांगितलं. तांडेलनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. एवढा मारणारा माणूस, पण कुणाला मारायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट तो मला एकदाच बोलला, दोर वळता वळता, माझ्याकडे न बघता. "माझ्या डोळ्यांनी ती माणसा बघूक गावली असती, तर त्या घरात माझा चेडू, माझा शालन, दिला नसता."

त्या वर्षी दिवाळीनंतर धाकटीचं, सुमनचं, लग्न ठरल्याचं पत्र आलं. मुलगा आचऱ्याचा, घर खाऊनपिऊन सुखी, मुहूर्त मार्गशीर्षातला. तांडेलची कराराची दोन वर्षं भरायला अजून पाच महिने होते आणि पासपोर्ट लाल्याच्या कपाटात. तो रजा मागायला गेला, दुभाष्या म्हणून मी बरोबर. लाल्या म्हणाला, नियम म्हणजे नियम. तांडेल हलला नाही. तासभर दारात उभा राहिला. शेवटी लाल्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "शुक्रवारचा सामना जिंकून दे. रविवारी तुला विमानात बसवतो." तो सामना पाइपलाइनवाल्यांच्या संघाशी होता. त्यांच्याकडून लाल्या दोन वर्षं हरत होता.

मी बाहेर येऊन सांगितलं. तांडेलनं पुन्हा विचारलं, "जिंकलो तरच?"

"जिंकलो तरच."

"मगे जिंकतलो," तो म्हणाला. "लग्नाच्या आदी आठ दिवस माका त्या घरात बसाक व्हया. बाकी काय नको."

सामना पहिल्यापासून वाईट चालला. पाइपलाइनवाल्यांनी आमच्या एकाचा दात पाडला, आमच्यातल्या एकानं त्यांच्या एकाच्या पोटरीवर बुटाचे खिळे रोवले. पाचव्या इनिंगमध्ये त्यांच्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, मुद्दाम तांडेलच्या बरगडीवर चेंडू मारला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. काठावर तेलाच्या पिंपांवर बसलेली सगळी टोळी उठली. तांडेल गुडघ्यावर बसला होता. तो उभा राहिला, पिचरकडे बघून हसला आणि, चेंडू अंगाला लागला की पहिला तळ मिळतो या नियमाप्रमाणे, चालत तिथं गेला. माझ्या टेबलाजवळून जाताना म्हणाला, "मास्तर, श्वास घेवक होणा नाय. पण कोणाक सांगू नको." बघणाऱ्या प्रत्येकाला मात्र वाटलं, की हा आता सूड घेणार.

आठव्या इनिंगमध्ये आम्ही एका गुणानं मागे होतो. चाराला पाच. आमचे दोघे बाद, दोघे तळांवर, आणि तांडेल खेळायला आला. त्याच वेळी त्यांनी पिचर बदलला. नवीन माणसाचं नाव वहीत घालायचं होतं. मी जुन्या नावाखाली पट्टी धरून रेघ मारत होतो. पट्टीशिवाय रेघ मारायची मला सवय नव्हती. पहिलाच चेंडू तांडेल मारेल असं मला वाटलं नाही, कारण पहिला चेंडू तो नेहमी सोडायचा.

आवाज आला. मी मान वर केली तेव्हा तांडेल अर्ध्या वाटेवर होता आणि बॅट त्याच्या हातात होती. मी ओरडलो, पण फार उशीर झाला होता. सगळीकडून आरडाओरडा चालला होता. त्यात माझं "टाक" माझ्याशिवाय कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. पहिल्या तळावर त्यांचा एक उंच पगारी खेळाडू एक पाय तळावर ठेवून चेंडूसाठी वाकला होता. तांडेलनं तळ गाठायला बॅट पुढं घातली, पुळणीवर घालायचा तशी, अंग झोकून. ती सरळ त्या माणसाच्या गुडघ्यात गेली. त्याला न सापडता चेंडू लांब निघून गेला. आमचे दोघेही घरी पोहोचले. सहाला पाच झाले, लाल्या उड्या मारू लागला. अंपायरनं मात्र हात वर केला. बॅटनं अडवलं म्हणून तांडेल बाद. तो तिसरा बाद, म्हणून दोन्ही गुण रद्द. नववी इनिंग झालीच नाही. सामना त्यांना दिला.

उंच माणूस किंचाळत होता. मी माणसाला तसं किंचाळताना पुन्हा ऐकलेलं नाही. तांडेल पोटावर पडला होता, बरगडीमुळे त्याला उठता येत नव्हतं, आणि त्याचा उजवा हात तळावर पसरलेला होता. पाइपलाइनवाले धावत आले. लाथा सुरू झाल्या. तिकडे आमच्या टोळीनं पिकअपमधून साखळ्या काढल्या आणि तीस माणसं मैदानात उतरली. त्या दिवशी तिथं दोन-तीन मुडदे पडले असते. तांडेलनं तेलानं काळं झालेलं तोंड वर केलं आणि ओरडला, "खाली बसा. जो पुढे येतलो तेका मी मारतलंय. चूक माझी आसा."

ते थांबले. साखळ्या हातात घेऊन थांबले. रोज सकाळी त्याचा मार खाल्लेली ती माणसं होती, म्हणूनच थांबली. मग त्यांच्या कॅचरनं, घरामागे चेंडू झेलणाऱ्यानं, तीच बॅट उचलली आणि तांडेलच्या हातावर घातली. तीन वेळा. तांडेलनं हात ओढून घेतला नाही. मी टेबलाशी उभा होतो, पट्टी हातात होती. मी पुढं गेलो नाही. पोलीस आल्यावर गेलो.

ती चूक होती यावर कुणाचा विश्वास बसला नाही. बरगडीवरच्या चेंडूचा सूड, असंच सगळ्यांनी धरलं. दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवलं आणि ठरलं, की तांडेलनं देश सोडायचा, परत यायचं नाही. लाल्या पासपोर्ट घेऊन इस्पितळात आला. खाटेवर ठेवून म्हणाला, "तुला घरी जायचं होतं ना? चाललास." मी त्याचं मराठी केलं. तांडेल म्हणाला, "थँक्यू, साहेब." तो गेल्यावर बरगड्या दाबून हसला. "बघ मरे, लाल्यान शबूद पाळल्यान."

मंगळवारी विमानतळावर त्याला सोडायला मी पिकअपमधून गेलो. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी तीन बोटं पुन्हा वळणार नाहीत असं सांगितलं होतं. मी रस्ताभर वाक्य जुळवत होतो. शेवटी गेटपाशी म्हणालो, "तांडेल, मी वेळेवर ओरडलो नाही."

"ठाऊक आसा," तो म्हणाला. "तू लिवत होतंस."

त्यानं डावा हात उगारला आणि माझ्या मानेवर मारायला गेला. डाव्या हाताला नेम नव्हता. चापट कानावर बसली. मग तो आत गेला.

पुढची हकिकत मला तीन वर्षांनी कळली, रजेवर असताना मी मालवणला गेलो तेव्हा. तांडेल घरी पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी आचऱ्याला मुलाच्या घरी जाऊन ओसरीवर बसला. चार दिवस बसला. त्या लोकांनी पहिल्या दिवशी पाहुणचार केला. नंतर, हात मोडून, नोकरी घालवून आलेल्या या माणसाला आता कशाला विचारायचं, म्हणून त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं. तो कोपऱ्यात बसून राहिला. चौथ्या दिवशी घरातली मोठी सून पाणी द्यायला आली. पदर सरकला आणि दंडावरचे वळ दिसले. जुन्या वळांवर नवे. तांडेल पाणी प्यायला, त्यानं तांब्या खाली ठेवला, आणि मुहूर्ताला तीन दिवस उरले असताना लग्न मोडून घरी आला.

गावानं त्याला तोंडावर बोल लावले. हातरुमालात बांधलेल्या प्लास्टरकडे बोट दाखवून लोक म्हणाले, एवढा मारकुटा माणूस, आणि दोन वळ बघून पोरीचं लग्न मोडतो. तांडेल म्हणाला, "मी मारणारो आसंय, म्हणानच माका कळता. मी मारलेलो माझ्या वांगडा जेवता. त्या बायचा ताट थंय नव्हता."

मी गेलो तेव्हा तो पुळणीवर उभा होता. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात होती. त्याला दोर धरता येत नव्हता. मागे उभा राहून तो ओढणाऱ्यांना शिव्या देत होता. माझ्याकडे बघून हात पुढे केला, मी वाकडी बोटं हातात घेतली. तो म्हणाला, "हात धड असतो तर मी पयल्याच दिसा त्या घरात मारामारी करून इलो असतंय. चार दिवस गप बसाक जमला नसता. आणि काय दिसला पण नसता."

मला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला, की खरंच त्याला तसं वाटत होतं, याचा मी अनेक वर्षं विचार केला. उत्तर मिळालं नाही. खोटं बोलून कुणाला बरं वाटू देण्याची त्याची रीत नव्हती, एवढं मला माहीत आहे. त्याचा हात फुटला तो मी एक रेघ सरळ मारत होतो म्हणून, हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

तांडेल गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला पत्र महिन्यानं मिळालं. मी अजून तुबलीलाच आहे. सौदीला जोडणारा पूल झाला, रिफाच्या रस्त्याला ते मैदान होतं तिथं आता बंगले उठले आहेत. लाल्या केव्हाच परत गेला. टोळीतले बरेचसे देशी परतले.

सुमनचं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं, तांडेलनं बसून, बघून दिलेल्या घरात. तिचा नवरा शाळेत शिपाई आहे. ती कणकवलीला असते. तिला दोन मुलगे आहेत.